डिक्शनरी चांगली आहे का? 'गेट' उघडून बघा : चार फुकट लर्नर्स डिक्शनऱ्यांचा रिव्ह्यू

हे गेट म्हणजे दारातलं गेट नाही हां, जी-ई-टी वालं, गेट-गॉट-गॉटन वालं. देवनागरीत दोन्ही सेम दिसतात म्हणून आधीच सांगून टाकते, खाली जिथे जिथे गेट येईल तिथे ते क्रियापद समजायचं.

इंग्लिश सुधारायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो डिक्शनरी कुठली वापरू, आणि मग लोक बघतात काय तर शब्द किती आहेत, ऑफलाइन चालते का, उच्चार ऐकू येतो का. शब्दांच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. अवघड शब्द कुठल्याही डिक्शनरीत धड सापडतो, कारण त्याला बहुतेक वेळा अर्थच एक असतो, फोटोसिंथेसिस बघितलं, कळलं, विषय संपला. माणूस अडतो ते छोट्या शब्दांपाशी. गेट, टेक, पुट, सेट, रन. हे शब्द येतात असं सगळ्यांना वाटतं म्हणून कुणी ते डिक्शनरीत बघतच नाही, आणि बोलताना लिहिताना नेमकी तिथेच गाडी रुतते. म्हणून माझी टेस्ट साधी आहे. डिक्शनरी नवीन असो जुनी असो, कागदी असो ऑनलाइन असो, पहिल्यांदा गेट उघडायचं. गेट नीट समजावून सांगता आलं तर बाकीची डिक्शनरी चांगली असणारच, आणि तिथे गुंडाळलं असेल तर तिचे लाखभर शब्द घेऊन करायचंय काय.

इंग्रजी-मराठी डिक्शनरीत गेट काढलं की साधारण हे मिळतं : मिळणे, मिळवणे, प्राप्त करणे, आणणे, होणे, पोहोचणे. चुकीचं काहीच नाही त्यात, सगळे अर्थ खरे आहेत. पण कुठला कधी घ्यायचा ते कोण सांगणार? आता ही वाक्यं बघा. "आय गॉट माय लॅपटॉप रिपेअर्ड." "इट्स गेटिंग लेट." "डोन्ट गेट मी राँग." "कॅन यू गेट द डोअर?" शेवटच्या वाक्यात कुणी दार मिळवायला सांगत नाहीये, बेल वाजलीये, जरा दार उघड एवढंच म्हणणं आहे. "कॅन यू गेट दॅट?" म्हटलं आणि तेव्हा फोन वाजत असेल तर फोन उचल. ही यादी वाचून यातलं काही सुटत नाही, कारण अर्थ एकट्या गेटमध्ये नाहीच आहे, तो गेटच्या पुढे काय येतं त्यात आहे.

आपल्याला हे नवीन वाटायला नको खरं तर. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, आग लागते, पैसे लागतात, मन लागत नाही, जावं लागतं, बोलायला लागतो. मराठी शिकणाऱ्या माणसाला आपण लागणेचा एक अर्थ सांगू शकतो का? नाही सांगू शकत, आपण म्हणतो अरे वाक्य सांग, मग सांगतो. गेटचं अगदी तसंच आहे, आणि जी डिक्शनरी वाक्य समोर ठेवून बोलते ती कामाची.

तर अशा डिक्शनऱ्या आहेत, त्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात, इंग्लिश ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच केलेल्या, अर्थ इंग्लिशमध्येच पण सोप्या शब्दांत. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज आणि कॉलिन्स कोबिल्ड. चौघींच्या वेबसाइटवर शब्द फुकट बघता येतात. पाचवी मेरियम-वेबस्टरची, ती 2008 ची, अमेरिकन इंग्लिशवाली, अमेरिकेत शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांनी तीही बघावी. पण बाकीच्या चार मी सतत उघडत असते म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहिते.

ऑक्सफर्डपासून सुरू करते कारण सुरुवातही तिथूनच झाली. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रजीचे मास्तर जपानमध्ये शिकवायचे, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ही डिक्शनरी तयार केली आणि ती पहिल्यांदा छापली गेली ती टोकियोत, 1942 साली, युद्ध चालू असताना. ऑक्सफर्डने ती 1948 ला काढली. मला यातली भारी गोष्ट ही वाटते की वर्गात शिकवणाऱ्या माणसाला बरोबर कळलं होतं की पोरं अर्थापाशी अडत नाहीत, क्रियापदाच्या पुढे काय जोडायचं तिथे अडतात. म्हणून त्यांनी क्रियापदांचे 25 साचे ठरवले आणि कुठलं क्रियापद कुठल्या साच्यात बसतं ते दिलं. त्या साच्यांचे नंबर आता गेले पण विचार तोच राहिलाय. आज ऑक्सफर्डमध्ये गेटच्या प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर साचा लिहिलेला दिसतो, की इथे पुढे समबडी येणार, मग टू, मग क्रियापद, किंवा इथे समथिंग आणि मग डन. हे वाचायची सवय लावून घ्या, मधली उदाहरणं नाही वाचली तरी चालेल एक वेळ पण हे साचे वाचा.

कारण बघा, "आय गॉट हिम टू साइन" हे बरोबर आणि "आय मेड हिम टू साइन" हे चूक. मेकला टू चालत नाही, गेटला टू लागतोच. "आय मेड हिम साइन", "आय गॉट हिम टू साइन". अर्थातही फरक आहे, मेकमध्ये जोर आहे, करायलाच लावलं. गेटमध्ये समजूत घातली, पटवलं, मागे लागले आणि करवून घेतलं. आणि "आय गॉट इट साइन्ड" म्हटलं की सही कुणी केली ते महत्त्वाचंच नाही, काम झालं, सही करून घेतली. आपल्या मराठीत हे 'करून घेणे' किती सहज येतं, गाडी दुरुस्त करून घेतली, केस कापून घेतले, आपण काय स्वतः केस कापत नाही. पण तेच इंग्लिशमध्ये बोलताना भले भले "आय कट माय हेअर" म्हणतात, म्हणजे स्वतःच कात्री घेऊन बसल्यासारखं. "आय गॉट माय हेअर कट." एवढा एक साचा पक्का झाला तरी रोजच्या बोलण्यात केवढा फरक पडतो. इंग्रजी-मराठी डिक्शनरीत गेटसमोर 'करून घेणे' मला क्वचितच दिसलंय, आणि तो तर मराठी माणसाला सगळ्यात जवळचा अर्थ आहे!

ऑक्सफर्डची अजून एक सोय म्हणजे लेव्हल. अर्थांच्या बाजूला ए-वन, ए-टू, बी-वन अशी खूण असते, म्हणजे हा अर्थ आधी शिका, तो नंतर आला तरी चालेल. गेटसारखी भलीमोठी नोंद बघून छातीत धडकी भरते त्यांनी फक्त ए वाले अर्थ वाचून थांबावं, पुरे आहे सुरुवातीला. फ्रेजल व्हर्ब्जना, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो त्या गेट ओव्हर, गेट अलाँग वगैरेंना, तिथे वेगळी पानं आहेत, त्यामुळे मुख्य नोंद आटोपशीर राहते पण सगळं एका नजरेत दिसत नाही.

आता लाँगमन. ही माझी सगळ्यात आवडती आणि गेटसाठी तर नक्कीच. 1978 ला पहिल्यांदा आली आणि तिने एक नियम करून घेतला, की सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगायचे. ऐकायला साधं वाटतं पण करून बघा. एका शब्दाचा अर्थ बघायला गेलो आणि त्या अर्थातलाच दुसरा शब्द कळला नाही, मग तो बघा, मग त्याच्यातला तिसरा, हा जो वैताग असतो ना तो इथे जवळपास नाही. आणि गेटसारख्या लांब नोंदीत प्रत्येक अर्थाच्या आधी ठळक अक्षरात एकदोन शब्दांची पाटी असते, रिसीव्ह, अराइव्ह, बिकम, अंडरस्टँड अशी. नजर नुसती पाट्यांवरून फिरवायची आणि आपल्या वाक्यात काय बसतंय तिथे थांबायचं. पहिल्या अर्थापासून ओळीने वाचत बसायचं नसतं, हे खूप लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं, ते पहिला अर्थ वाचतात आणि तोच आपल्या वाक्याला चिकटवतात.

लाँगमनमध्ये गेटच्या पुढे एस-वन, डब्ल्यू-वन असं लिहिलेलं दिसेल. एस म्हणजे बोलणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, आणि वन म्हणजे बोलण्यात काय लिहिण्यात काय, हा शब्द पहिल्या हजारात आहे. हे बघून कुठल्या शब्दावर किती वेळ घालवायचा ते ठरवता येतं, ज्या शब्दाला अशी खूणच नाही तो वाचताना कळला तरी पुरे.

पण लाँगमन मला खऱ्या अर्थाने पटली ती 'गेट टू' मुळे. इथे जरा थांबते कारण हे एवढं समजलं की गेटचं अर्धं कोडं सुटतं. पाच वाक्यं घ्या.

"वी गॉट टू द हॉल." आम्ही हॉलवर पोहोचलो.
"वी गॉट टू सी द रिहर्सल." आम्हाला तालीम बघायला मिळाली.
"वी गॉट टू नो हर." हळूहळू आमची तिच्याशी ओळख झाली.
"द नॉइज गॉट टू अस." त्या आवाजाने आम्ही वैतागलो, डोकं उठलं.
"वी हॅव गॉट टू सी द रिहर्सल." तालीम बघायलाच पाहिजे, बघावीच लागेल.

शब्द तेच दोन, गॉट आणि टू. जागा आली की पोहोचणं, क्रियापद आलं की संधी मिळणं, नो किंवा लाइक आलं की हळूहळू तसं होत जाणं, आणि कुणाला तरी त्रास होतोय असं असेल तर मनावर परिणाम. पाचव्यात नुसता एक हॅव वाढला तर आनंदाची गोष्ट सक्तीची झाली! आणि बोलताना तो हॅव नुसता व्ह होऊन जातो, तोही पुष्कळदा गिळला जातो, मग उरतं "वी गॉटा सी". मग ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? गॉटा असं चिकटून आलं की बहुतेक सक्ती. संधीवाल्या अर्थात गॉट हे भूतकाळाचं असतं, म्हणजे झालेल्या गोष्टीबद्दल बोलणं चाललेलं असतं, आणि वर्तमानात तिथे गेट येतं, "आय गेट टू ट्रॅव्हल अ लॉट", मला खूप फिरायला मिळतं. तेच "आय हॅव टू ट्रॅव्हल अ लॉट" म्हटलं तर मला खूप फिरावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीत यातलं कुठलं वाक्य तोंडून गेलं त्यावर समोरच्याचं तुमच्याबद्दलचं मत बदलू शकतं, इतका फरक आहे.

लाँगमनने संधीवाला अर्थ, हळूहळूवाला अर्थ आणि मनावर परिणामवाला अर्थ हे तिन्ही वेगवेगळे काढून दाखवलेत, प्रत्येकाला आपापली वाक्यं आहेत, त्यामुळे गोंधळ राहत नाही. 'हॅव गॉट टू' मात्र हॅवच्या नोंदीत बघायला लागतं, ते लक्षात ठेवा नाहीतर गेटमध्ये शोधत बसाल.

आणि लाँगमनच्या साइटवर उदाहरणाची पूर्ण वाक्यं ऐकायला मिळतात, नुसता शब्द नाही. गेटच्या बाबतीत हे फार उपयोगी आहे. एकटा गेट काय कुणालाही म्हणता येतो. पण वाक्यात तो असा एकटा राहतो कुठे? अमेरिकन माणूस गेट इट म्हणताना गेडिट म्हणतो, गेट आउट चं गेडाउट होतं, मधला ट मऊ होऊन ड सारखा ऐकू येतो. इंग्लिश सिरियल बघताना सबटायटलशिवाय कळत नाही म्हणतात ना लोक, त्यातला बराच भाग हा असला असतो, शब्द सगळे येत असतात पण जोडलेले ऐकलेलेच नसतात.

कॉलिन्स कोबिल्डची गोष्ट वेगळीच आहे. 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली ती तयार झाली. खरी छापलेली पुस्तकं, पेपर, खरं बोलणं असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून, शब्द प्रत्यक्षात कसा वापरला जातो ते बघून त्यांनी नोंदी लिहिल्या. उदाहरणं घरी बसून बनवलेली नाहीत, कुणीतरी खरंच लिहिलेली बोललेली. आणि अर्थ पूर्ण वाक्यात सांगायचा. म्हणजे नुसतं 'टू बिकम' असं न लिहिता, एखादा माणूस अमुक होतो असं म्हणायचं असेल तेव्हा तुम्ही गेटच्या पुढे विशेषण लावता, अशा पद्धतीने, शेजारी बसून कुणी समजावून सांगावं तसं. अर्थ वाचता वाचताच शब्द कसा वापरायचा ते कळतं, वेगळे साचे वाचायची गरजच उरत नाही. ज्यांना व्याकरणाच्या खुणांचा कंटाळा येतो, ट्रान्झिटिव्ह इन्ट्रान्झिटिव्ह बघितलं की जे पान बंद करतात, त्यांनी डोळे झाकून इथे यावं.

कोबिल्डने गेटचे तीन मोठे गठ्ठे केलेत. एक बदलणं, करवणं, जाणं, पोहोचणं यांचा. दुसरा मिळणं, मिळवणं, पकडणं यांचा. तिसरा फ्रेजल व्हर्ब्जचा. ही वाटणी मला फार आवडते कारण गेटचा सगळा पसारा खरोखर एवढ्यावर येतो, एकतर काहीतरी तुमच्याकडे येतं किंवा काहीतरी एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जातं. थकलेलं नव्हतं, थकलं, गॉट टायर्ड. उजेड होता, अंधार पडला, गॉट डार्क. इथे नव्हतो, इथे आलो, गॉट हिअर. कळलं नव्हतं, कळलं, गॉट इट. बी आणि गेट मधला फरकही यातच आला, "शी इज मॅरीड" ही स्थिती झाली आणि "शी गॉट मॅरीड" हा तो बदल. कोबिल्डची कमतरता म्हणाल तर पूर्ण वाक्यांमुळे नोंद लांब होते, घाईत असताना पटकन नजर टाकून निघायला ती तितकी सोयीची नाही. कॉलिन्सच्या साइटवर एकाच पानावर कोबिल्ड, ब्रिटिश आणि अमेरिकन अशा वेगवेगळ्या डिक्शनऱ्या एकाखाली एक येतात, तेव्हा कुठली वाचताय ते वर बघून घ्या, खाली उतरलात की अचानक भाषा अवघड होते.

केंब्रिज 1995 ची. हिची पाटी म्हणजे कॅपिटल अक्षरातला एक शब्द, ऑब्टेन, रीच, कॉझ, मूव्ह असा, आणि प्रत्येक पाटीखाली दोनतीन जवळचे अर्थ. लेव्हलच्या खुणा इथेही आहेत. पान स्वच्छ, अर्थ आखूड, मोबाइलवर वाचायला सोपं. परीक्षेचा अभ्यास करणारे बरेच जण हीच वापरतात आणि ते बरोबरच आहे. एवढंच, की गेटची खोली कळायला हवी असेल तर मी इथून सुरुवात करून लाँगमनला जाईन.

फ्रेजल व्हर्ब्जबद्दल थोडं, कारण गेट म्हटलं की लोक त्यालाच घाबरतात. पाठांतराच्या याद्या सगळीकडे फिरतात, गेट बाय, गेट ओव्हर, गेट अवे विथ, गेट राउंड टू, गेट ॲट, समोर एकेक अर्थ. त्या याद्यांनी काही होत नाही. 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणं हे पाठ केलं, पण सावरायचं कशातून? आजारातून, धक्क्यातून, ब्रेकअपमधून. सर्दीतून बरं व्हायला गेट ओव्हर चालतं. पण "लेट्स गेट इट ओव्हर विथ" म्हणजे एकदाचं उरकून टाकू, नावडतं काम. 'गेट अवे विथ' म्हणजे काहीतरी चुकीचं करून सहीसलामत सुटणं, नुसतं पळून जाणं नाही, विथच्या पुढे ते केलेलं कृत्य येतं. आणि 'गेट ऑफ' आणि 'गेट आउट ऑफ' ची गंमत, बस, ट्रेन, विमान यातून उतरताना गेट ऑफ, कार आणि टॅक्सीतून उतरताना गेट आउट ऑफ. ज्याच्यात उभं राहून चालता येतं तिथे ऑन आणि ऑफ, ज्याच्यात वाकून बसावं लागतं तिथे इन आणि आउट, हा हिशोब बहुतेक ठिकाणी बरोबर येतो, सायकल आणि घोडा मात्र ऑन-ऑफ मध्ये, कारण त्यांच्यावर बसतो आपण. चारही डिक्शनऱ्यांत फ्रेजल व्हर्बच्या पुढे कुणाचं किंवा कशाचं नाव येतं ते दिलेलं असतं, अर्थाबरोबर तेही वहीत उतरवा, पूर्ण वाक्यासकट.

गॉटनबद्दल नेहमी विचारलं जातं की हे चूक आहे का. चूक नाहीये. अमेरिकेत "इट हॅज गॉटन वर्स", ब्रिटनमध्ये "इट हॅज गॉट वर्स". उलट गॉटन हे जुनं रूप आहे, ब्रिटनमध्ये ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. फरगेट-फरगॉट-फरगॉटन मध्ये ते अजून दोन्हीकडे जिवंत आहे, आणि फरगेट हा गेटच्याच घराण्यातला शब्द. खुद्द गेट इंग्लिशमध्ये आला जुन्या नॉर्स भाषेतल्या गेटा वरून, उत्तरेकडून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांची भाषा ती. ऑक्सफर्डच्या पानावर खाली शब्दाचा उगम असतो तिथे हे सापडेल, आवड असेल तर वाचा. एक मात्र लक्षात ठेवा, अमेरिकनसुद्धा जवळ असण्याच्या अर्थाने गॉटन म्हणत नाहीत. "आय हॅव गॉट अ कार" म्हणजे माझ्याकडे कार आहे, "आय हॅव गॉटन अ कार" म्हणजे मी कार मिळवली, घेतली. तुम्ही एकच काहीतरी ठरवा, ब्रिटिश तर ब्रिटिश, आणि एका लेखात दोन्ही मिसळू नका.

लिहिताना गेट वापरू नये असंही शिकवलं जातं. त्यात तथ्य आहे, गेट हा बोलण्यातला शब्द, अर्जात, रिपोर्टमध्ये रिसीव्ह, बिकम, अराइव्ह, अंडरस्टँड जास्त शोभतात, आणि डिक्शनऱ्याही गेटच्या बऱ्याच वापरांना इन्फॉर्मल असा शिक्का लावतात. पण सरसकट गेट काढून ऑब्टेन बसवायचं हा काय प्रकार आहे? "आय ऑब्टेन्ड अ कोल्ड" असं कुणी म्हणत नाही, सर्दी होते, ती काय प्रयत्न करून मिळवायची वस्तू आहे का. मी एका फुकट ॲपवर गेट बघितलं होतं, नाव नाही घेत, तिथे अर्थ म्हणून नुसती समानार्थी शब्दांची रांग होती, ऑब्टेन, ॲक्वायर, प्रोक्युअर, सिक्युअर, आणि वाक्य एकही नाही. अशा ॲपवरून शिकणारा माणूस लिहिणार "आय प्रोक्युअर्ड टायर्ड" आणि त्याची काही चूक नाही त्यात. लाँगमनमध्ये जवळच्या शब्दांमधला फरक सांगणारे चौकोन असतात, कुठला फॉर्मल, कुठला कशासाठी, शब्द बदलायचाच असेल तर ते वाचून बदला.

भाषांतराची टूल्स वापरावीत का, तर एका वाक्यापुरतं वापरा, हल्ली ती बरं भाषांतर करतात. पण टूल तुम्हाला त्या एका वाक्याचा अर्थ देतं, पुढच्या वेळी गेट वेगळ्या साच्यात आला की पुन्हा तिथेच.

मग घ्यायची कुठली? अगदी सुरुवात असेल आणि इंग्लिश-इंग्लिशची भीती वाटत असेल तर कोबिल्ड. बोलणं सुधारायचं असेल तर लाँगमन, ऐकण्यासाठी आणि पाट्यांसाठी. परीक्षा असेल तर केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड, लेव्हलच्या खुणांसाठी. शिकवत असाल तर ऑक्सफर्डचे साचे हाताशी ठेवाच.

आणि फुकट ऑनलाइन मिळतंय तर कागदी कशाला, असं वाटत असेल तर हे वाचा. मॅकमिलनची लर्नर्स डिक्शनरी पण फार चांगली होती, तिने कागदी आवृत्ती बंद करून सगळं ऑनलाइन नेलं आणि मग 2023 च्या मध्यावर ती साइटच बंद झाली. वेबसाइट आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. म्हणून जमलं तर या चारातली एक कागदी प्रत घरात ठेवा, सेकंडहँड घ्या, मागच्या आवृत्तीची घ्या, काही बिघडत नाही, दरवेळी नवीन आवृत्तीत गाजावाजा होतो तो नव्याने आलेल्या शब्दांचा, गेटचे साचे जसेच्या तसे आहेत. फक्त विकत घेण्याआधी 'जी' अक्षरातलं गेटचं पान उघडा आणि 'गेट समथिंग डन' ला वेगळी जागा आणि निदान दोन पूर्ण वाक्यं दिलीत का ते बघून घ्या.